टाइप १ मधुमेह, पोटरीतली गुठळी आणि ॲस्पिरिनचा प्रश्न: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. यातली रुग्ण कुणी एक खरी व्यक्ती नाही. पण तिच्यापुढे आलेले पेच टाइप १ मधुमेह असलेल्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना नेहमी पडतात. तपासण्यांचे आकडे मुद्दाम सविस्तर दिले आहेत, कारण इथले बहुतेक निर्णय त्या आकड्यांवरच फिरले.

रुग्ण ३४ वर्षांच्या बाई. नवव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट केल्या. तेव्हापासून २५ वर्षं इन्सुलिन चालू. थायरॉइडही अशाच स्वप्रतिकारामुळे मंदावलेलं, त्यासाठी रोज थायरॉक्सिनची गोळी. टाइप १ मध्ये ही जोडी वरचेवर दिसते. धूम्रपान नाही, वजन बेताचं. वडिलांना ५२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आलेला. पाच वर्षांपूर्वी अकराव्या आठवड्यात गर्भ आपोआप पडला होता. पाळीत फार रक्त जायचं, म्हणून तीन वर्षांपासून इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या.

घोट्याचं हाड मोडलं आणि गुडघ्याखाली प्लास्टर घातलं. दुसऱ्या आठवड्यात उलट्या-जुलाब सुरू झाले. पोटात काही ठरत नाही म्हणून बाईंनी इन्सुलिन जवळजवळ बंद केलं. दोन दिवसांत कीटोॲसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन नावाची आम्लं साचणं) होऊन रुग्णालयात भरती व्हावं लागलं. सलाईन, इन्सुलिन, पोटॅशियम हे सगळं वेळेवर मिळालं आणि त्या घरी परतल्या. पुढे प्लास्टर निघालं, पण पोटरीची सूज उतरेना. प्लास्टर काढल्यावर पाय काही दिवस सुजलेला राहतोच, असं त्यांना सांगण्यात आलं. ते खोटं नव्हतं. पण या पायाची पोटरी दुसरीपेक्षा ४ सेंटिमीटरने जाड होती, बोटाने दाबलं की खळगा पडत होता आणि मांडीकडे जाणाऱ्या शिरेच्या रेषेत दुखत होतं. टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजायला मिनिटही लागत नाही, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेवढंच राहून जातं.

खोल शिरेत गुठळी असण्याची शक्यता मोजायला वेल्स गुणांकन वापरतात. अलीकडचं प्लास्टर, पोटरीतला ३ सेंटिमीटरहून जास्त फरक, खळगा पडणारी सूज आणि शिरेच्या मार्गावरचं दुखणं, या प्रत्येकाला एक गुण. दोन किंवा जास्त गुण झाले की गुठळी असण्याचीच शक्यता धरायची. इथे चार झाले. अशा वेळी डी-डायमर या गुठळीचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचणीच्या निकालाची वाट बघत बसण्यात अर्थ नसतो. थेट डॉप्लर सोनोग्राफी करावी. ती केली तेव्हा पोटरीतल्या शिरांपासून गुडघ्यामागच्या शिरेपर्यंत गुठळी दिसली. धाप नव्हती, छातीत दुखत नव्हतं, ऑक्सिजनचं प्रमाण नीट होतं. फुप्फुसापर्यंत काही पोहोचल्याची लक्षणं नव्हती.

गुठळी झाली कशामुळे

एकोणिसाव्या शतकातले जर्मन पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ विरशो यांच्या नावाने एक त्रिकूट ओळखलं जातं: रक्त साचणं, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि खुद्द रक्तच गोठायला उत्सुक होणं. या बाईंच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात जमून आल्या.

प्लास्टरमुळे पोटरीचा स्नायू हलत नव्हता. एरवी चालताना तोच रक्त वर ढकलत असतो. इस्ट्रोजेनच्या गोळीने यकृतात तयार होणारे गोठण घटक वाढवलेले होते. त्यात कीटोॲसिडोसिसची भर पडली. या अवस्थेत साखरेबरोबर लघवीतून लिटरच्या लिटर पाणी जातं आणि रक्त दाटतं. शिवाय अस्तरातून गोठायला मदत करणारा फॉन विलब्रँड घटक जास्त सुटतो आणि गोठण्याला लगाम घालणाऱ्या प्रोटीन सी चं काम मंदावतं. लहान मुलांना कीटोॲसिडोसिसमध्ये मांडीच्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागली, तर त्याच शिरेत गुठळी होते हे बालरोगतज्ज्ञ ओळखून असतात. मोठ्यांच्या बाबतीत ही आठवण तितकी राहत नाही.

या तात्पुरत्या कारणांच्या खाली मधुमेहाची स्वतःची कायमची पार्श्वभूमी आहे. साखर बराच काळ चढी राहिली की फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाला ग्लुकोज चिकटतं आणि त्यापासून बनणारी फायब्रिनची जाळी जास्त घट्ट विणीची होते. अशी गुठळी विरघळवणं शरीराला जड जातं. रक्त गोठवायला धावून येणाऱ्या प्लेटलेट पेशी लवकर चिडतात आणि त्यांची उलाढालही वेगाने होते, म्हणजे जुन्या जाऊन नव्या झपाट्याने येतात. ही शेवटची गोष्ट पुढे ॲस्पिरिनच्या संदर्भात लागणार आहे. साखर खाली गेल्यावरही हेच होतं. हायपोग्लायसेमियात ॲड्रेनलिन उसळतं आणि प्लेटलेट व गोठण घटक दोन्ही जागे होतात. त्याचा परिणाम साखर पुन्हा वर आली तरी लगेच ओसरत नाही. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) कमी करण्याच्या नादात रोज साखर ५५ ला नेणं हा गुठळी टाळण्याचा मार्ग नाही, ही गोष्ट रुग्णांना स्पष्ट शब्दांत फार कमी वेळा सांगितली जाते.

राहिला स्वप्रतिकाराचा भाग. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करणाऱ्या शरीरात इतर प्रतिपिंडं असण्याची शक्यता थोडी जास्त असते, आणि त्यातली अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं सरळ गुठळ्याच करतात. तात्पुरतं कारण इतकं उघड असताना गोठणदोषाच्या महागड्या तपासण्यांची यादी लिहून देणं मला पटत नाही, आणि बहुतेक मार्गदर्शिकाही तसं करू नका म्हणतात. इथे मात्र दहाव्या आठवड्यानंतरचा गर्भपात होता आणि थायरॉइडचा स्वप्रतिकारी आजारही. म्हणून याच एका दोषाचा शोध घ्यायचं ठरलं. त्याचं आणखी एक कारण म्हणजे निकालावर औषधाची निवड ठरते. या प्रतिपिंडांचे तिन्ही प्रकार असलेल्या रुग्णांमध्ये रिव्हारॉक्साबॅन आणि वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या नव्या आणि जुन्या औषधांची तुलना करणारा ट्रॅप्स हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मध्येच थांबवावा लागला, कारण रिव्हारॉक्साबॅनच्या गटात गुठळ्या जास्त होत होत्या. अशा रुग्णाला जुनं वॉरफरिनच द्यावं लागतं.

अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या दोन तपासण्या लगेच केल्या. दोन्ही नकारात्मक आल्या. तिसरी, ल्युपस अँटिकोॲग्युलंट, पुढे ढकलली. ॲपिक्साबॅनसारखं रक्त गोठू न देणारं औषध, जे इथे सुरू करायचं होतं, रक्तात असताना ती तपासणी खोटा होकार देऊ शकते. असा एक खोटा होकार माणसाला विनाकारण जन्मभर वॉरफरिनला बांधून ठेवू शकतो.

पहिले तीन महिने

ॲपिक्साबॅन १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं सात दिवस, नंतर ५ मिलिग्रॅम दोनदा. त्याआधी मूत्रपिंडाचं काम, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटची संख्या पाहिली. यात विशेष काही नाही.

खरा पेच गोळीचा होता. इस्ट्रोजेनची गोळी बंद करायची हे उघडच. मधुमेहाला २० वर्षं उलटलेली किंवा डोळा, मूत्रपिंड, नसा यांतलं काही बिघडलेलं असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधकांचा धोका फायद्यापेक्षा जास्त ठरतो असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. म्हणजे गुठळी झाली नसती तरी या बाईंना ती गोळी द्यायलाच नको होती. पण ती सुरू होती अतिरक्तस्रावासाठी. रक्त गोठू न देणारं औषध सुरू करायचं आणि त्याच दिवशी गोळी तोडायची, तर पुढची पाळी बाईंना रक्त चढवण्यापर्यंत नेऊ शकते. त्यात ॲपिक्साबॅनवर असताना गर्भ राहणंही परवडणारं नाही. ॲपिक्साबॅनचा पूर्ण डोस चालू आहे तोवर गोळीमुळे नवी गुठळी होण्याची भीती फारशी नसते, त्यामुळे घाई करायची गरज नव्हती. स्त्रीरोगतज्ज्ञांनी आधी लिव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन हळूहळू सोडणारं साधन गर्भाशयात बसवलं, ते स्थिरावू दिलं आणि मग गोळी बंद केली. पाळी हलकी झाली, गर्भनिरोध पक्का झाला आणि इस्ट्रोजेन गेलं. पुढे हृदयासाठी जी औषधं द्यायची होती, त्यांचा मार्गही याच निर्णयाने मोकळा केला.

पायमोज्यांबद्दल थोडं. दाब देणारे मोजे सरसकट सगळ्यांना घातल्याने पुढची कायमची सूज टळते, हा जुना समज २०१४ च्या सॉक्स अभ्यासानंतर मागे पडला. पाय जड वाटत असेल तर आरामासाठी मोजे घालता येतात. पण २५ वर्षांच्या मधुमेहात आधी पायाच्या रोहिण्यांमधला, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्यांमधला, रक्तपुरवठा बघायला हवा. घोट्यावरचा रक्तदाब मोजून काढलेला निर्देशांक इथे फसवतो, कारण रोहिण्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक झालेल्या असतात, पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. शंका असेल तर अंगठ्यातला दाब मोजावा. या बाईंचा पुरवठा ठीक होता. त्यांनी काही आठवडे मोजे वापरले आणि सोडून दिले.

तीन महिन्यांनी सूज गेली होती. प्लास्टर, गोळी आणि कीटोॲसिडोसिस ही तिन्ही कारणं आता उरली नव्हती. ॲपिक्साबॅन थांबवलं. त्याचा अंश रक्तातून गेल्यावर ल्युपस अँटिकोॲग्युलंट तपासलं, तेही नकारात्मक.

‘मग निदान ॲस्पिरिन तरी द्या’

औषध बंद करायचं म्हटल्यावर बाईंनी विचारलं, “डॉक्टर, मग निदान ॲस्पिरिन तरी सुरू करून द्या ना. बाबांनाही तेच आहे. हृदयालाही चांगलं आणि पायालाही.”

हा या प्रकरणाचा गाभा आहे. एका छोट्या गोळीत दोन आजारांचा बंदोबस्त होईल असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि कित्येक डॉक्टरही इथे “बरं, घ्या” म्हणून मोकळे होतात. पण पायातली ही गुठळी आणि हृदयविकाराच्या झटक्यातली गुठळी यांची जात वेगळी. नीलेत, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरेत, रक्त संथ असतं. तिथली गुठळी मुख्यतः फायब्रिन आणि त्यात अडकलेल्या तांबड्या पेशींची असते. रोहिणीत रक्त जोरात वाहतं. तिथे आधी भिंतीत चरबीचा थर साचतो, तो फाटतो आणि फाटलेल्या जागी प्लेटलेट तुटून पडतात. ॲस्पिरिन प्लेटलेटवर काम करतं. फायब्रिनच्या जाळीचं त्याला विशेष काही करता येत नाही.

आधी शिरेचा हिशेब. कारण न सापडलेल्या गुठळीनंतर ॲस्पिरिन देऊन पाहणारे वॉरफासा आणि ॲस्पायर हे दोन अभ्यास २०१२ मध्ये आले. दोन्ही एकत्र केले तर पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटलं. काहीच न देण्यापेक्षा हे बरं म्हणायचं. मात्र २०१७ च्या आइन्स्टाइन चॉइस अभ्यासात वर्षभरात ॲस्पिरिनवर ४.४ टक्के लोकांना पुन्हा गुठळी झाली, तर रिव्हारॉक्साबॅनच्या १० मिलिग्रॅमवर १.२ टक्के, आणि गंभीर रक्तस्रावात म्हणण्याजोगा फरक नव्हता. म्हणजे ज्याला संरक्षण खरोखर हवं आहे त्याच्यासाठी ॲस्पिरिन तोकडं. आणि या बाईंसारखं, कारण उघड होतं आणि ते आता दूर झालं आहे, अशा रुग्णाला कायमच्या संरक्षणाची गरजच नाही. त्यांना हवं आहे ते पुन्हा तशी वेळ येईल तेव्हाचं संरक्षण: पुन्हा प्लास्टर, मोठी शस्त्रक्रिया, गर्भारपण, बाळंतपण. त्या वेळी “मला पूर्वी गुठळी झाली होती” हे पहिलं वाक्य असायला हवं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची प्रतिबंधक इंजेक्शनं वेळेत सुरू होतात.

आता हृदयाचा हिशेब. मधुमेह आहे पण हृदयविकार झालेला नाही, अशा १५,४८० लोकांवर ॲसेंड हा अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सरासरी ७.४ वर्षं रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा नुसती दिखाऊ गोळी. गंभीर रक्तवाहिनीविकार ॲस्पिरिनवर ८.५ टक्के लोकांना झाले, दुसऱ्या गटात ९.६ टक्के. गंभीर रक्तस्राव ४.१ टक्के विरुद्ध ३.२ टक्के. हजार माणसांनी सात वर्षं गोळी घेतली तर सुमारे ११ जणांचा झटका किंवा पक्षाघात वाचला आणि ९ जणांना मोठा रक्तस्राव झाला. त्यात सहभागी बहुतेक सगळे टाइप २ चे होते आणि वयाने बरेच मोठे. ३४ वर्षांच्या, पाळीत आधीच खूप रक्त जाणाऱ्या बाईंना हा सौदा लावून पाहिला तर तो तोट्याचाच निघतो. मघाशी म्हटलेली प्लेटलेटची वेगवान उलाढालही इथे आडवी येते: सकाळी घेतलेल्या गोळीने त्या वेळच्या प्लेटलेट निकामी होतात, पण दुसरी सकाळ उजाडेपर्यंत बऱ्याच नव्या प्लेटलेट तयार झालेल्या असतात.

झटका येऊन गेला असेल, स्टेंट बसवलेला असेल, तर गोष्ट निराळी. तिथे ॲस्पिरिनबद्दल वाद नाही आणि कुणीही हे वाचून ते बंद करू नये. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालाय म्हणून ॲस्पिरिन नाकारणंही चूक. ईटीडीआरएस या जुन्या मोठ्या अभ्यासात रोज ६५० मिलिग्रॅम देऊनसुद्धा डोळ्यात रक्त उतरण्याचं प्रमाण वाढलं नव्हतं.

बाईंना हे सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे हृदयासाठी काहीच करायचं नाही?” उलट, बरंच करायचं होतं. पायातल्या गुठळीने एक चांगलं काम केलं: २५ वर्षांत कुणी एकत्र न पाहिलेले आकडे एका कागदावर आले.

हृदयाचे आकडे

एचबीएवनसी ८.४ टक्के. रक्तदाब १३६/८४, दोन वेगळ्या दिवशी जवळपास तेवढाच. एलडीएल (घातक कोलेस्टेरॉल) १२४, एचडीएल (उपकारक कोलेस्टेरॉल) ६८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ९५. क्रिएटिनिन ठीक. दृष्टिपटलावर सुरुवातीचे बदल. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर ११२; पण तो नमुना कीटोॲसिडोसिसनंतर लगेचचा. ताप, जंतुसंसर्ग, खूप चढलेली साखर, जोरकस व्यायाम यांनी हा आकडा तात्पुरता फुगतो, म्हणून तो बाजूला ठेवला. नंतरच्या काही महिन्यांत दोनदा तपासलं, ६१ आणि ५४ आलं. ३० च्या खाली हवं. आता मात्र मूत्रपिंडाच्या चाळणीतून प्रथिन झिरपतंय हे मान्य करावं लागलं.

माझ्या मते या कागदावरचा सर्वात महत्त्वाचा आकडा हाच आहे, आणि तो कोलेस्टेरॉलच्या यादीत सापडत नाही. फिनलंडमधल्या टाइप १ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवलं की मूत्रपिंड निरोगी असलेल्यांचा मृत्युदर त्या काळात सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा वेगळा नव्हता. जास्तीचे मृत्यू अल्ब्युमिन जाणाऱ्यांच्या वाट्याला आले. अल्ब्युमिन गळतं म्हणजे फक्त मूत्रपिंड आजारी आहे असं नाही. शरीरभरच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावलंय याची ती खूण असते.

बाईंना एचडीएल ६८ पाहून बरं वाटलं होतं. टाइप १ मध्ये, विशेषतः इन्सुलिन पुरेसं मिळत असताना, एचडीएल अनेकदा छान दिसतं. पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही. तसाच फसवा निघाला जोखीम मोजणारा तक्ता. पुढच्या दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता काढणारे नेहमीचे तक्ते वयावर इतके अवलंबून असतात की तिशीतल्या बाईला ते ‘कमी धोका’ असंच सांगणार. मधुमेह किती वर्षांचा आहे, हे त्यातल्या कित्येकांना विचारायचंही सुचत नाही. याउलट युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेने लहान वयात झालेला आणि २० वर्षांपलीकडे गेलेला टाइप १ मधुमेह थेट अतिउच्च जोखमीच्या गटात टाकला. त्यामागे स्वीडनच्या राष्ट्रीय मधुमेह नोंदवहीसारखी आकडेवारी आहे. तिथल्या २०१८ च्या विश्लेषणात दहाव्या वर्षाआधी टाइप १ झालेल्या स्त्रियांचं आयुर्मान सरासरी १८ वर्षांच्या आसपास आणि पुरुषांचं १४ वर्षांच्या आसपास कमी भरलं. पाळी जाईपर्यंत स्त्रियांना हृदयविकारापासून जे संरक्षण असतं, ते टाइप १ मध्ये फारसं उरत नाही. हे आकडे बाईंपुढे ठेवावेत की नाही, हा प्रश्न पडतोच. ठेवले, आणि बरोबर हेही सांगितलं की ही सरासरी बहुतांशी अशा लोकांची आहे ज्यांची पहिली काही वर्षं आजच्या इन्सुलिनविना आणि साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरविना गेली.

आता औषधं. ब्रिटनच्या नाइस संस्थेची शिफारस सोपी आहे: टाइप १ असलेल्या प्रौढाचं वय ४० च्या पुढे असेल, किंवा मधुमेह १० वर्षांहून जुना असेल, किंवा मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल, तर ॲटोर्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं, स्टॅटिन गटातलं औषध २० मिलिग्रॅम देऊ करा. अमेरिकन मधुमेह संघटना २० ते ३९ या वयात जरा सावधपणे बोलते, पण इतर जोखमी असतील तर स्टॅटिन देणं योग्य मानते. टाइप १ वर स्टॅटिनचे स्वतंत्र मोठे अभ्यास नाहीत, ही टीका खरी आहे. तरी २००८ मध्ये १४ अभ्यासांतल्या १८,६८६ मधुमेहींची आकडेवारी एकत्र तपासली गेली, त्यात १,४६६ जण टाइप १ चे होते. एलडीएल सुमारे ३९ ने उतरलं की मोठे रक्तवाहिनीविकार २१ टक्क्यांनी घटतात, असं त्यात दिसलं आणि टाइप १ मध्येही फायदा त्याच दिशेने गेला. ॲटोर्व्हास्टॅटिन २० सुरू केलं.

रक्तदाब आणि अल्ब्युमिन या दोन्हींसाठी रामिप्रिल. याच गटातल्या कॅप्टोप्रिलने टाइप १ च्या रुग्णांचं मूत्रपिंड वाचतं हे १९९३ मध्ये ४०९ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं होतं. मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचं एकत्रित प्रमाण निम्म्यावर आलं. सुरू केल्यावर दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहिलं. दाबाचं लक्ष्य १३०/८० च्या खाली. स्टॅटिन आणि रामिप्रिल ही दोन्ही औषधं गर्भारपणात चालत नाहीत, रामिप्रिल तर बाळाच्या मूत्रपिंडाला घातक. गर्भाशयात बसवलेल्या साधनामुळे ती निर्धास्तपणे देता आली, हे आधी म्हटलंच आहे.

साखरेबद्दल डीसीसीटी या अभ्यासाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ टाइप १ रुग्ण. एका गटाचं एचबीएवनसी ७ च्या आसपास ठेवलं, दुसऱ्याचं ९ च्या. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली, पण पाठपुरावा चालू राहिला. २००५ मध्ये दिसलं की आधी काटेकोर उपचार मिळालेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार ४२ टक्क्यांनी कमी होते आणि झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू हे ५७ टक्क्यांनी. पुढे याच रुग्णांच्या साठवलेल्या रक्तात आणखी एक गोष्ट सापडली: साखर सतत चढी असलेल्यांमध्ये हृदयाच्या स्नायूविरुद्धची प्रतिपिंडं जास्त आढळली आणि त्यांचा संबंध नंतरच्या हृदयविकाराशी दिसला. यावरून आज कुठली नेहमीची तपासणी किंवा औषध निघालेलं नाही, पण टाइप १ मधला हृदयविकार हा टाइप २ ची नुसती लवकर आलेली आवृत्ती नसावी, असं वाटायला ही जागा आहे.

त्याच डीसीसीटीत काटेकोर गटाला गंभीर हायपो तिप्पट झाले होते. म्हणून बाईंचं ध्येय एचबीएवनसीच्या एका आकड्यावर बांधलं नाही. सेन्सर लावला, ७० ते १८० मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ, ही दोन्ही लक्ष्यं बरोबरीने. आजारपणाचे नियम पुन्हा समजावले: उलट्या होत असल्या तरी मूळ इन्सुलिन तोडायचं नाही, कीटोन तपासायचे, घोट घोट पाणी पीत राहायचं, काही राहतच नसेल तर तासन्‌तास वाट न बघता दवाखान्यात यायचं. ही शिकवण आपण साखरेच्या खात्यात घालतो. या रुग्णासाठी ती गुठळी टाळण्याची शिकवणही होती.

वडिलांना नव्याने सुरू झालेली ‘हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही सांभाळणारी’ एसजीएलटी-२ गटातली गोळी आपल्यालाही मिळेल का, असं बाईंनी विचारलं. टाइप २ मध्ये ती उत्तम. टाइप १ मध्ये तिने कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, आणि तोही साखर फार न चढता, म्हणजे मीटर बघून पत्ताच लागत नाही. नुकत्याच त्यातून उठलेल्या रुग्णाला ती द्यायचा प्रश्नच नव्हता.

ट्रेडमिल चाचणी किंवा सीटी करून रोहिण्या बघाव्यात का? लक्षणं नसताना सरसकट अशा चाचण्या केल्याने मधुमेहींचा फायदा होतो असं दिसलेलं नाही. रोहिण्यांमधलं कॅल्शियम मोजणारी सीटी तिशीत शून्य आली तरी त्याने निश्चिंत होता येत नाही, आणि औषधं तर आपण देणारच होतो. ईसीजी काढला, तो नीट होता. विश्रांतीतली नाडी मात्र ९६. हृदयाला जाणाऱ्या नसांची शंका आली म्हणून उठून उभं राहिल्यावर दाब किती पडतो ते पाहिलं. फारसा पडला नाही. तरी या नसा बिघडायला लागल्या असतील तर पुढे झटका आला तरी छातीत दुखेलच असं नाही. धाप, मळमळ, अचानक गळून जाणं, दरदरून घाम एवढंच होऊ शकतं. यातला घाम टाइप १ च्या माणसाचा घात करतो, कारण २५ वर्षांच्या सवयीने तो घामाचा अर्थ ‘शुगर लो’ असाच लावतो, साखर खातो आणि पडून राहतो. बाईंना सांगितलं: घाम आला की आधी साखर बघा. कमी असेल तर नेहमीचा उपाय. कमी नसेल, किंवा साखर वर येऊनही घाम आणि अस्वस्थपणा जात नसेल, तर ते हृदय आहे असं धरून तातडीने रुग्णालय गाठा. घरातल्यांनाही हे सांगून ठेवलं.

वर्षभरानंतर

एचबीएवनसी ७.४, ७० च्या खालचा वेळ ३ टक्के. एलडीएल ६६. रक्तदाब १२२/७६. अल्ब्युमिनचं गुणोत्तर २६. पाय दुखत नाही. दिवसभर उभं राहिलं की घोटा किंचित भरतो, एवढंच. स्टॅटिनने पहिल्या महिन्यात पोटऱ्या दुखतात अशी तक्रार होती. गुठळीच्या भीतीने पुन्हा डॉप्लर केली, ती स्वच्छ निघाली, आणि तक्रार आपोआप गेली.

आणि आता बाईंना मूल हवं आहे. म्हणजे जवळजवळ सगळं पुन्हा मांडायला घ्यायचं. आधी एचबीएवनसी ६.५ च्या जवळ, पण हायपो न वाढवता. दृष्टिपटलाची तपासणी, कारण साखर झपाट्याने उतरवली की गर्भारपणात डोळ्यांचे बदल बळावू शकतात. रामिप्रिल आणि स्टॅटिन थांबवायचं; दाबाला लागलंच तर लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन. गुठळी इस्ट्रोजेन चालू असताना झालेली, त्यामुळे गर्भारपणात ती पुन्हा होण्याची भीती जास्त. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच हेपरिनची प्रतिबंधक इंजेक्शनं, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत. बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनसुद्धा, १०० ते १५० मिलिग्रॅम. पायासाठी नव्हे आणि हृदयासाठीही नव्हे, तर टाइप १ मध्ये वारंवार होणारा प्री-एक्लॅम्प्सिया (गर्भारपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याचा आजार) टाळायला. स्त्रीरोगतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ यांनी हे सगळं एका पानावर लिहून बाईंच्या हातात दिलं आहे. गर्भाशयातलं साधन काढायची तारीख त्यात मोकळी ठेवली आहे. पुढच्या तीन महिन्यांचे सेन्सरचे आलेख आणि डोळ्यांचा अहवाल आल्यावर ती ठरेल.